ओव्हन कोणता घ्यावा? शहरातल्या घरासाठी आणि वीरच्या घरासाठीही

कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला आणि महाड तालुक्यातील वीर हे गाव लोहमार्गाने मुंबईशी जोडले गेले. गणपती, शिमगा आणि मे महिन्याच्या सुट्टीत महाड परिसरातील अनेक चाकरमानी आजही याच स्थानकावर उतरतात. त्यांच्याबरोबर मिक्सर, फ्रीज, दूरचित्रवाणी संच अशा वस्तू एकेक करून गावच्या घरात पोहोचल्या. आता त्यात ओव्हनची भर पडली आहे. मुंबई-पुण्याच्या घरात नवा ओव्हन घ्यायचा आणि जुना गावी न्यायचा, असा विचार अनेक कुटुंबे करतात.

येथेच चूक होण्याचा संभव असतो. शहरातील घरात उत्तम चालणारा ओव्हन गावी चालेलच असे नाही. शहरातही केक आणि बिस्किटांच्या हौसेने घेतलेला ओव्हन वर्षभरात केवळ दूध तापवण्यापुरता उरतो किंवा माळ्यावर जातो. याचे कारण निवडीच्या पद्धतीत आहे. दुकानात आपण किंमत, रंग आणि लिटर पाहतो. प्रत्यक्षात दोन प्रश्नांची उत्तरे घरूनच घेऊन जावयास हवीत. ओव्हनमध्ये आपण नेमके काय करणार आहोत, हा पहिला प्रश्न. आणि घरातील वीजजोडणी किती भार पेलू शकते, हा दुसरा.

आपल्याकडचे जुने ओव्हन

ओव्हन ही संकल्पना कोकणाला नवी नाही. रायगड जिल्ह्यात थंडीच्या दिवसांत लावली जाणारी पोपटी हा त्याचाच एक प्रकार आहे. मडक्यात भांबुर्डीचा पाला, मीठ व ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी वा कोंबडी भरून तोंड पाल्याने बंद करतात, मडके उपडे ठेवतात आणि भोवती पेंढा, पाचोळा व काटक्यांचा जाळ करतात. आत पाणी घालत नाहीत. शेंगांच्या व पाल्याच्या अंगच्या ओलाव्याची वाफ मडक्यात कोंडते आणि त्या वाफेवर सारे शिजते.

दुसरा प्रकार धोंडसाचा. जून काकडी, तांदळाच्या कण्या आणि गूळ यांचे मिश्रण जाड बुडाच्या पातेल्यात घालून खाली मंद विस्तव ठेवायचा आणि झाकणावर निखारे पसरायचे, अशी ही जुनी रीत. नानकटाईही पूर्वी घरोघरी अशाच वर-खाली निखाऱ्यांवर भाजली जात असे.

या दोन रीतींमधील फरक ध्यानात घेतला तर बाजारातील ओव्हनचे प्रकार समजणे सोपे जाते. पोपटीत ओलावा कोंडून पदार्थ मऊ शिजतो. धोंडसात कोरडी उष्णता वरून आणि खालून मिळून पदार्थ फुगतो व त्यावर तांबूस कड येते. पदार्थ तांबूस होण्याच्या रासायनिक क्रियेला फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मेयार याच्या नावाने ओळखले जाते. त्याने १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. ही क्रिया वेगाने होण्यासाठी पदार्थाच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण १४० अंश सेल्सियसच्या पुढे जावे लागते. ओला पदार्थ मात्र त्यातील पाणी आहे तोवर १०० अंशांच्या फारसा वर जात नाही. कोणता ओव्हन काय करू शकेल, हे या एका गोष्टीवर बरेच अवलंबून आहे.

ओटीजी : भाजण्यासाठी

ओव्हन, टोस्टर आणि ग्रिल यांचे एकत्रित रूप म्हणजे ओटीजी. याची रचना साधी असते. पेटीच्या वर आणि खाली विजेवर तापणाऱ्या कांड्या, तापमान राखणारा थर्मोस्टॅट आणि वेळ लावण्याची कळ. धोंडसाच्या पातेल्यावरचे व खालचे निखारे येथे कांड्यांच्या रूपाने आले आहेत. तापमान साधारणतः १०० ते २५० अंशांपर्यंत ठेवता येते. केकला १७० ते १८०, नानकटाईला १६० ते १७० आणि पावाला २०० ते २२० अंश तापमान लागते. हे सर्व ओटीजीत साधते. पनीर टिक्का, भाजलेली मासळी, पिझ्झा यांनाही तो योग्य.

काही ओटीजींमध्ये गरम हवा फिरवणारा पंखाही असतो. त्यामुळे दोन जाळ्यांवरची बिस्किटे सारखी भाजली जातात. पंखा सुरू असताना पाककृतीत दिलेल्या तापमानापेक्षा १५ ते २० अंश कमी ठेवावे.

ओटीजीच्या मर्यादाही आहेत. पदार्थ आत ठेवण्यापूर्वी तो दहा ते पंधरा मिनिटे तापवून घ्यावा लागतो. शिळा भात वा भाजी गरम करण्यासाठी तो गैरसोयीचा आहे. त्याची बाहेरची बाजू चांगलीच तापते. त्यामुळे लहान मुलांच्या हाताला येईल अशा जागी तो ठेवू नये आणि सर्व बाजूंना मोकळी जागा सोडावी. तथापि त्यात नाजूक इलेक्ट्रॉनिक भाग कमी असल्याने दुरुस्ती सोपी व स्वस्त असते. कांडी किंवा थर्मोस्टॅट बदलण्याचे काम तालुक्याच्या गावातील कारागीरही करू शकतो. गावच्या घरासाठी हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

मायक्रोवेव्ह : गरम करण्यासाठी

मायक्रोवेव्हचे तत्त्व संपूर्णतः वेगळे आहे. अमेरिकेतील रेथिऑन कंपनीत रडारसाठी लागणाऱ्या मॅग्नेट्रॉनवर काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सर या अभियंत्याने १९४५ मध्ये या लहरींनी अन्न तापवण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. घरगुती ओट्यावर मावेल असा ओव्हन अमाना कंपनीने १९६७ मध्ये बाजारात आणला. घरगुती मायक्रोवेव्हमध्ये २४५० मेगाहर्ट्झ वारंवारितेच्या लहरी वापरतात. या लहरी मुख्यतः पदार्थातील पाण्याच्या रेणूंना हलवतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. लहरी पदार्थात काही सेंटिमीटरच शिरतात. त्यापुढील भाग उष्णतेच्या वहनानेच तापतो. म्हणून जाड पदार्थ मध्यंतरी ढवळावा लागतो आणि शिजल्यावर दोन मिनिटे तसाच ठेवावा लागतो.

येथे आतील हवा तापत नाही आणि पदार्थाचा पृष्ठभागही १०० अंशांच्या फार पुढे जात नाही. त्यामुळे साध्या मायक्रोवेव्हमधील केक फुगतो, पण पांढुरका राहतो. पाव तर चामड्यासारखा होतो. हा यंत्राचा दोष नव्हे, ते त्याचे कामच नाही. भात, वरण, भाजी गरम करणे, गोठवलेले पदार्थ सैल करणे, बटाटे वा मक्याचे कणीस वाफवणे, पापड भाजणे ही त्याची खरी कामे.

बाजारात याचे तीन प्रकार मिळतात. 'सोलो' प्रकारात केवळ लहरी असतात. 'ग्रिल' प्रकारात वर तापणारी एक कांडी जोडलेली असते. त्याने टोस्ट वा टिक्का वरून तांबूस होतो, परंतु खालून नव्हे. 'कन्व्हेक्शन' प्रकारात स्वतंत्र कांडी व पंखा असतो आणि लहरी बंद ठेवून तो ओव्हनसारखा वापरता येतो. एकाच यंत्रात दोन्ही कामे होतात, हे त्याचे आकर्षण. जागा कमी असलेल्या शहरी घरात तो सोयीचाही आहे. मात्र खालून थेट उष्णता नसल्याने आणि आतील पेटी लहान असल्याने पाव, पिझ्झा यांना ओटीजीइतका खमंग तळ मिळत नाही. शिवाय बिघाड झाल्यास गरम करणे आणि भाजणे ही दोन्ही कामे एकदम थांबतात.

मायक्रोवेव्हच्या किरणांविषयी अनेकांच्या मनात भीती असते. या लहरी क्ष-किरणांप्रमाणे अणूंचे आयनीभवन करणाऱ्या नाहीत आणि त्यांनी अन्न किरणोत्सारी होत नाही. दार उघडताच मॅग्नेट्रॉन बंद पडावा, अशी व्यवस्था त्यात असते. यंत्रापासून पाच सेंटिमीटर अंतरावर दर चौरस सेंटिमीटरला पाच मिलिवॅट ही गळतीची कमाल मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकांत आहे. दार वाकडे झाले असेल, बिजागरी सैल असेल किंवा काचेवरील जाळी फाटली असेल, तर मात्र ते यंत्र वापरू नये. जुना ओव्हन गावी नेताना प्रवासात नेमके दारच दुखावते, हे ध्यानात असावे.

एअर फ्रायर आणि गॅसवरचा ओव्हन

एअर फ्रायर म्हणजे लहान पेटीत वेगाने गरम हवा फिरवणारा ओव्हनच होय. तो लवकर तापतो आणि दोन-तीन माणसांपुरते बटाटे, कटलेट वा रवा लावलेली मासळी कुरकुरीत करतो. ओल्या पिठात बुडवलेली भजी मात्र त्यात जमत नाहीत. मोठ्या कुटुंबाला तो अपुरा पडतो, कारण पदार्थ एकाच थरात ठेवावे लागतात.

गॅसवर चालणारा ओव्हन शेगडीला जोडलेला किंवा स्वतंत्र मिळतो. याची ज्योत खाली असल्याने तळ लवकर भाजतो आणि वरची बाजू मागे राहते. म्हणून मध्यावर जाळी फिरवावी लागते. गॅस जळताना वाफही तयार होते, त्यामुळे पावाला ओलसरपणा मिळतो. विजेवर विसंबून नसणे हा याचा सर्वांत मोठा गुण. खोलीत हवा खेळती असणे आणि नळी वेळेवर बदलणे या अटी त्यासोबत येतात. वर्षातून चार-सहा वेळाच केक करणाऱ्यांनी जाड कढईत वाळूचा थर तापवून, त्यावर तिवई ठेवून, झाकण लावून भाजण्याची जुनी पद्धत वापरली तरी काम भागते.

वीजजोडणी : न विचारला जाणारा प्रश्न

आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची असते. भिंतीवरील लहान तीन छिद्रांचा ६ अँपिअरचा प्लग त्या हिशेबाने फार तर १३८० वॅटचा भार पेलू शकतो. साधा मायक्रोवेव्ह ११०० ते १४०० वॅट घेतो. ओटीजी आकारानुसार ८०० ते २००० वॅट. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह २००० वॅटच्या पुढे जातो. म्हणजे बहुतेक ओव्हनसाठी १६ अँपिअरचा मोठा प्लग, त्यासाठी निदान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि खात्रीचे अर्थिंग लागते. मोठ्या पिनेला अॅडॉप्टर लावून लहान प्लगमध्ये खुपसणे किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर ओव्हन चालवणे हा वायर तापून आग लागण्याचा सरळ मार्ग आहे. ओव्हनची बाहेरची पेटी धातूची असते. अर्थिंग नसेल तर बिघाडाच्या वेळी तिच्यात वीज उतरू शकते. दमट हवेत आणि ओल्या हातांनी काम करताना हा धोका अधिक.

वीजबिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो. ओव्हन, गिझर आणि पाण्याचा पंप एका वेळी चालल्यास तो ओलांडला जातो का, हे पाहावे. गरज असल्यास महावितरणकडे भार वाढवून घेण्यासाठी अर्ज करता येतो.

गावांमध्ये दाब कमी असणे ही आणखी एक अडचण. कांडीची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर १५०० वॅटच्या ओटीजीला जेमतेम ९२० वॅट मिळतात. तो तापायला उशीर लावतो, पण थर्मोस्टॅट कांडी अधिक वेळ चालू ठेवून बरीचशी भरपाई करतो. साध्या ट्रान्सफॉर्मरवर चालणारा मायक्रोवेव्ह मात्र कमी दाबात फारच मंदावतो. यंत्र फिरत राहते आणि अन्न कोमटच राहते. घरगुती इन्व्हर्टरवर ओव्हन चालवण्याचा विचार करू नये. पंखे व दिव्यांसाठी बसवलेल्या ८००-९०० व्हीएच्या इन्व्हर्टरला हा भार पेलवत नाही.

खर्चाचा हिशेबही पाहू. १५०० वॅटचा ओटीजी पूर्वतापासह पन्नास मिनिटे चालवला, तर जास्तीत जास्त सव्वा युनिट वीज लागते. थर्मोस्टॅट अधूनमधून कांडी बंद करत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी. १२०० वॅट घेणारा मायक्रोवेव्ह तीन मिनिटे चालवला तर एका युनिटचा सोळावा हिस्सादेखील खर्च होत नाही. एक वाटी भाजी गरम करण्यासाठी ओटीजी लावणे किती महाग, हे यावरून दिसते.

पाऊस, पूर आणि बंद घर

वीर आणि महाड परिसरात निवड करताना पावसाळ्याचा विचार अपरिहार्य आहे. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यातील विजेचे खांब व तारा मोठ्या प्रमाणावर कोसळल्या आणि अनेक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहरात घराघरांत पाणी शिरले. अशा भागात केवळ विजेच्या ओव्हनवर विसंबून स्वयंपाकाची आखणी करता येत नाही. गॅसची शेगडी आणि जाड बुडाची कढई हाताशी असलीच पाहिजे.

पुराच्या पाण्यात बुडालेले विजेचे कोणतेही उपकरण वाळल्यासारखे दिसले तरी प्लगला लावू नये. वायर, कांड्या आणि अर्थिंग तपासून घेतल्याखेरीज ओटीजीही वापरू नये. मायक्रोवेव्ह तर घरी उघडूच नये. त्यातील कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही काही काळ हजारो व्होल्टचा विद्युतभार राहू शकतो आणि तो जीवघेणा ठरतो.

वर्षातील आठ-दहा महिने बंद राहणाऱ्या घरात आणखी वेगळे शत्रू असतात. हवेतील ओलाव्याने जाळी व तळाचा पत्रा गंजतो. झुरळे आणि पाली हवेच्या फटींतून आत शिरतात, उंदीर वायर कुरतडतात. घर बंद करताना ओव्हन कोरडा पुसावा, प्लग काढून वायर वर गुंडाळावी आणि यंत्र जमिनीपासून उंचावर, भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवावे. परतल्यावर वायर तपासावी आणि ओटीजी प्रथम रिकामाच १०० अंशांवर दहा मिनिटे तापवावा. मायक्रोवेव्ह मात्र कधीही रिकामा चालवू नये. त्यात पेलाभर पाणी ठेवून तपासावे.

आकार आणि भांडी

दोन-तीन माणसांच्या घराला अन्न गरम करण्यासाठी १७ ते २० लिटरचा सोलो मायक्रोवेव्ह पुरतो. कन्व्हेक्शन घ्यायचा असल्यास २३ लिटरहून लहान घेऊ नये. भांड्याभोवती हवा फिरण्यास जागा लागते. ओटीजीत अर्धा किलोच्या एका केकसाठी १६ ते २० लिटर पुरतात. चार-पाच माणसांच्या कुटुंबाला २८ ते ३० लिटर योग्य. घरगुती केक-बिस्किटांचा व्यवसाय करणाऱ्यांनी पंखा असलेला ४० लिटर वा त्याहून मोठा ओव्हन पाहावा; अशा विक्रीसाठी अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी आवश्यक आहे. दुकानात जाताना नेहमीच्या केकच्या डब्याचे माप घेऊन जावे. बाहेरून मोठा दिसणारा ओव्हन आतून अपुरा निघतो.

ओटीजीत अॅल्युमिनियम, स्टील आणि बोरोसिलिकेट काचेची भांडी चालतात, प्लास्टिक नाही. मायक्रोवेव्हमध्ये उलट. लहरींवर स्टील, पितळ, सोनेरी कड असलेली बशी चालत नाही. काच, साधी चिनी माती आणि त्यासाठीच बनवलेले प्लास्टिक चालते. कवचासह अंडे आणि घट्ट झाकलेला डबा कधीही ठेवू नये. नितळ पेल्यातील पाणी उकळी न दाखवताच अतितप्त होऊन हलवताच उसळू शकते, म्हणून ते बाहेर काढण्यापूर्वी अर्धा मिनिट थांबावे. सुके बोंबील वा सुकट भाजण्यासाठी तवाच बरा. बंद पेटीत तो वास दिवसेंदिवस राहतो.

कोणी काय घ्यावे?

• नोकरी करणारे पती-पत्नी, सकाळी केलेले संध्याकाळी गरम करायचे, भाजण्याची हौस नाही : सोलो मायक्रोवेव्ह.

• केक, पाव, नाचणीची बिस्किटे, नानकटाई यांची आवड. गरम करण्यासाठी गॅस पुरेसा : ओटीजी.

• दोन्ही कामे हवीत आणि ओट्यावर जागा एकाचीच : कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह. जागा असल्यास सोलो आणि ओटीजी अशी जोडी अधिक चांगली.

• तळणाचे तेल कमी करायचे आहे आणि माणसे दोन-तीनच : एअर फ्रायर.

• वीरसारख्या गावातील घर, दाब कमी, वीज अनिश्चित, वर्षातील बराच काळ कुलूप : लहान ओटीजी आणि सोबत गॅसवरची कढई. वीज वारंवार जात असेल आणि घरात माणसे कायम राहत असतील, तर गॅसवरचा ओव्हन.

खरेदीपूर्वी

भारतात मायक्रोवेव्हसाठी भारतीय मानक ब्युरोची नोंदणी २०१२ च्या आदेशाने सक्तीची करण्यात आली. यंत्रावर मानकाची खूण व नोंदणी क्रमांक असल्याची खात्री करावी. ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१९ मध्ये मायक्रोवेव्हसाठी तारांकन योजनाही सुरू केली. दोन यंत्रांत निवड करताना तारे पाहावेत. वॅटचा आकडा वाचताना तो पदार्थाला मिळणाऱ्या शक्तीचा आहे की यंत्र घेत असलेल्या विजेचा, हे विचारावे. या दोन आकड्यांत मोठी तफावत असते. हमी कोणत्या भागांवर किती वर्षांची आहे आणि दुरुस्तीसाठी माणूस घरी येतो की यंत्र शहरात पाठवावे लागते, हेही विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्यावे.

जुना ओव्हन गावी न्यायचा असल्यास आधी तेथील वायरमनकडून प्लग, वायर व अर्थिंग पाहून घ्यावे. ही तपासणी अर्ध्या तासात होते. ती समाधानकारक नसेल, तर ओव्हन नेण्यापूर्वी जोडणीवर खर्च करावा. धोंडस तोवर वर-खाली निखाऱ्यांवर करता येईल.